‘ॲज गुड ॲज’ : पण कोणाइतके?

नांदगाव पेठ हे अमरावती-नागपूर हमरस्त्यावरचे गाव. एका अंगाला औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने आणि औष्णिक वीज केंद्र. दुसऱ्या अंगाला कपाशी, तूर, सोयाबीन. गावाच्या नावात ‘पेठ’ आहे, म्हणजे मालाची पारख करणे हे काम इथल्या माणसांना नवे नाही. पुस्तकाची पारख मात्र आमच्याकडे क्वचितच होते. त्यामुळे काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका भगिनीच्या पहिल्या कथासंग्रहाचे प्रकाशन गावात झाले, तेव्हा तो दिवस आम्हाला ईदसारखाच वाटला होता.

पाहुणे बाहेरून आले होते. त्यांनी पंधरा-वीस मिनिटे सुंदर मराठीत भाषण केले. पुस्तकाविषयी बोलायची वेळ आली, तेव्हा मात्र ते इंग्रजीकडे वळले. म्हणाले, ‘‘दिस बुक इज ॲज गुड ॲज एनी बुक इन द मेनस्ट्रीम.’’ टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जास्त टाळ्या आम्हीच वाजवल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्यापैकीच काहींनी ते वाक्य वर्तमानपत्राला पाठवलेल्या बातमीत घातले आणि पुढे पुस्तकाच्या मलपृष्ठावरही छापून घेतले.

कार्यक्रमानंतर चहा पिताना आमच्या वाचक मंडळात नेमाने येणारे एक वयोवृद्ध शेतकरी, ज्यांना सगळे गाव आबाजी म्हणते, ते आम्हाला म्हणाले, ‘‘भाऊ, थे सायेब म्हने का हे पुस्तक तितकंच चांगलं हाय. पन कोनाइतकं, थे त्याईनं सांगतलंच नाई.’’

आम्ही हसलो. आबाजींना इंग्रजी कळले नसेल, असे आम्हाला वाटले. खरे तर त्या सभेत ते वाक्य फक्त त्यांनाच कळले होते. ही गोष्ट आमच्या लक्षात यायला दोन वर्षे लागली आणि त्या दोन वर्षांची किंमत आम्ही नाही, त्या लेखिकेने मोजली. त्याविषयी पुढे येईलच. आधी या वाक्यांचाच थोडा विचार करू.

‘ॲज गुड ॲज’, ‘बेटर दॅन मोस्ट’, ‘वन ऑफ द बेस्ट’, ‘सेकंड टू नन’, ‘वर्ल्ड क्लास’, ‘ॲट पार विथ’. मराठी प्रस्तावना, परीक्षणे, मलपृष्ठे आणि भाषणे यांतून हे शब्दप्रयोग आता इतके रुळले आहेत की ते नसले तर पुस्तकाचा सन्मान झाल्यासारखे वाटत नाही. कधी ते मूळ इंग्रजीत येतात, कधी मराठी कपडे घालून येतात. ‘वन ऑफ द बेस्ट नॉव्हेल्स’चे ‘सर्वोत्कृष्ट कादंबऱ्यांपैकी एक’ होते. सर्वोत्कृष्ट म्हणजे सर्वांहून उत्कृष्ट. सर्वांहून उत्कृष्ट असे पुष्कळ असतील आणि त्यांपैकी हे एक असेल, तर ‘सर्व’ म्हणजे उरले कोण? इंग्रजीत ही लकब खपून जाते, कारण तिथे ती वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. मराठीत ती आणली की वाक्य भारदस्त होते आणि अर्थ निसटतो.

आपल्या भाषेचा तुलनेचा रिवाज वेगळा आहे. इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी प्रत्यय लागतो आणि ‘बेटर’ हा शब्द एकटा उभा राहू शकतो. मराठीत साध्या बोलण्यात विशेषण बदलत नाही. ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ लावावे लागते आणि ते ज्याला लावायचे, त्याचे नाव घ्यावे लागते. अमक्यापेक्षा चांगले, तमक्याहून मोठे. ‘इतके’ म्हटले की कोणाइतके, ते सांगावे लागते. म्हणजे तुलना करणाऱ्याने आपले माप समोर ठेवावे, अशी सक्ती मराठीचे व्याकरणच करते. आबाजींनी विचारलेला प्रश्न अडाण्याचा नव्हता. तो मराठीच्या व्याकरणाचा प्रश्न होता.

फारसीतही एक ‘तर’ आहे. ‘बेह’ म्हणजे चांगले, ‘बेहतर’ म्हणजे अधिक चांगले, ‘बेहतरीन’ म्हणजे सर्वांत चांगले. संस्कृतातल्या ‘उच्चतर’मधला ‘तर’ आणि हा ‘तर’ एकाच कुळातले. उर्दूत ‘बेहतर’ आजही तुलनेचे काम करतो. तोच शब्द मराठीत आला तेव्हा मराठी माणसाने त्याला निराळ्याच कामाला लावले. ‘प्राण गेला तरी बेहत्तर’ असे आपण म्हणतो. इथे तुलना आहे, पण ती बोलणाऱ्याने स्वतःवर ओढून घेतलेली आहे. शब्द मोडण्यापेक्षा मरण चांगले, असे तो सांगतो. ‘दर्जा’, ‘अव्वल’, ‘नमुना’, ‘पसंत’ हे पारखीचे शब्दही अरबी-फारसीतून आले आणि मराठीत मुरले. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, त्याआधी अचलपूरला इमादशाही नांदली. हे शब्द इथे कचेरीतून बाजारात आणि बाजारातून घरात गेले. तेव्हा परभाषेतला शब्द नको, असा आमचा हट्ट मुळीच नाही. तसा हट्ट धरायचा, तर आमच्या अर्ध्या बोलण्यावर पाणी सोडावे लागेल. प्रश्न शब्द कुठला आहे हा नाही. त्या शब्दामागे माप आहे की नाही, हा आहे.

इंग्रजी तुलनेने आपल्या पुस्तकांचा निवाडा करण्याची सुरुवात कुठे झाली, हे पाहिले तर या सवयीचे मूळ सापडते. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने हिंदुस्थानातील शिक्षणाविषयी आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयातले एक फडताळ हिंदुस्थान आणि अरबस्तान यांच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचे आहे, अशा आशयाचा निवाडा त्यात आहे. आपल्याला संस्कृतही येत नाही आणि अरबीही येत नाही, हे त्याच टिपणात त्याने स्वतःच कबूल केले आहे. तराजूच्या एका पारड्यात काय आहे, ते त्याला ठाऊक होते. दुसऱ्या पारड्यात काय आहे, ते त्याने वाचलेले नव्हते. तरीही वजन जाहीर झाले आणि त्यावर एका देशाच्या शिक्षणाची दिशा ठरली. हिंदूंचे आणि मुसलमानांचे ग्रंथ त्या दिवशी एकाच पारड्यात बसले होते, याची आठवण आपण दोघांनीही ठेवायला हवी.

मेकॉलेची तुलना तुच्छतेची होती. तिच्या आधी एक कौतुकाची तुलनाही होऊन गेली होती. सर विल्यम जोन्सने १७८९ साली ‘शाकुंतल’चे इंग्रजी भाषांतर कलकत्त्यात प्रसिद्ध केले आणि प्रस्तावनेत कालिदासाला हिंदुस्थानचा शेक्सपियर म्हटले. जोन्सला संस्कृत येत होते, फारसीही येत होती. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आपल्या देशातल्या वाचकाला अनोळखी कवी ओळखीचा करून द्यायचा, तर ओळखीचे नाव घ्यावेच लागते. पण पुढे हे वाक्य आपणच उचलले. शेक्सपियरच्या कितीतरी शतके आधी होऊन गेलेला कवी शेक्सपियरच्या नावाने ओळखला जाऊ लागला, म्हणजे बापाची ओळख नातवाच्या नावाने देण्यासारखे झाले. पाहुण्यांना घर कळावे म्हणून दाराबाहेर लावलेली पाटी घरातल्या माणसांनीच आत आणून टांगली.

त्यानंतर मराठीत ही पाटी पुष्कळांच्या गळ्यात पडली. राम गणेश गडकरी महाराष्ट्राचे शेक्सपियर झाले. मर्ढेकरांच्या कवितेविषयी बोलताना एलियटचे नाव आधी आले. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली आणि १९५१ साली अमेरिकेत आलेल्या सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’शी तिची तुलना सुरू झाली, ती आजतागायत थांबलेली नाही. दोन्ही पुस्तकांत एक तरुण आहे, तो स्वतःच बोलतो, मोठ्यांच्या जगातला खोटेपणा त्याला सहन होत नाही, आणि दोघांच्याही घरी भावंडाच्या मृत्यूचे दुःख आहे. साम्य आहे, यात वाद नाही. पण सॅलिंजरचा नायक शाळेतून काढला गेल्यावर न्यूयॉर्कमध्ये थोडेच दिवस भटकतो. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला येतो, वर्षे घालवतो आणि पुन्हा खेड्यातच परततो. त्याच्यामागे शेती आहे, बाप आहे, बहिणी आहेत आणि मराठी गद्याची सातशे वर्षे आहेत. ‘कोसला’च्या गद्याचे नाते महानुभावांच्या गद्याशी आहे, हे जाणकारांनी दाखवले आहे. ज्या ‘लीळाचरित्रा’पासून आपण मराठी गद्याची सुरुवात मानतो, ते म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले आणि त्या कामाचे ठिकाण म्हणजे आमच्याच अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर. मराठी भाषा विद्यापीठासाठी आज तीच जागा निवडली गेली आहे. असे असूनही ‘कोसला’ची तुलना करायची वेळ आली की सामान्य वाचकाच्या तोंडी न्यूयॉर्क येते, रिद्धपूर येत नाही.

यात केवळ साहित्यिकांचाच दोष आहे, असेही नाही. आमच्या वरुड-मोर्शी भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात आणि म्हणणाऱ्याची छाती फुगते. त्याच मोर्शी-वरुडची संत्री देशभर नागपुरी संत्री म्हणून खपतात. फळ आमचे, नाव शेजाऱ्याचे, आणि गावाची थोरवी सातासमुद्रापलीकडची! ज्याला स्वतःच्या फळाचे नाव सांगता येत नाही, तो स्वतःच्या पुस्तकाचे काय सांगणार?

आता कोणी म्हणेल, तुलना टाळावीच हे बरे. आम्हाला ते पटत नाही. तुलनेशिवाय पारख होत नाही. ‘तुलना’ हा शब्दच तुळेवरून, म्हणजे तराजूवरून आला आहे. आमचे म्हणणे इतकेच की, तराजू दाखवावा. याचा धडा घ्यायला फार दूर जायला नको. बाजार समितीच्या आवारात गेले तरी पुरे.

तिथेही इंग्रजी शब्दच चालतात. शेतकरी म्हणतो, ‘‘माल एफएक्यू हाय का नाई, थे पाहा.’’ एफएक्यू म्हणजे फेअर ॲव्हरेज क्वालिटी. हा शब्द विलायती आहे, पण तो पोकळ नाही. त्यामागे आकडे आहेत. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा साधारणपणे १२ टक्क्यांपर्यंत चालतो. २०२४ च्या हंगामात शेतकऱ्यांची अडचण पाहून केंद्र सरकारने ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. कापसाचा ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्याच्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्याच्याही वर गेला तर माल परत. धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात. जुना व्यापारी चिमटीत रुई धरून, धागा ओढून लांबी सांगतो आणि यंत्राचा आकडा त्याच्या जवळपास निघतो. माल नापास झाला तर शेतकरी विचारू शकतो, काहून? आणि ग्रेडरला उत्तर द्यावे लागते. तिथेही अन्याय होतात, भांडणे होतात. पण भांडण तरी करता येते, कारण माप उघड आहे. ‘ॲज गुड ॲज एनी बुक इन द मेनस्ट्रीम’ या वाक्याशी भांडता येत नाही. त्यात ओलावा किती, ते लिहिलेले नाही.

आमच्याच मातीतला, साहित्यातला दाखलाही घ्या. सुरेश भट अमरावतीचे. मराठी गझलेचा विषय निघाला की उर्दू गझलेशी तुलना होणारच. पण भटांनी ती तुलना हवेत ठेवली नाही. ‘गझलेची बाराखडी’ लिहून त्यांनी मतला म्हणजे काय, काफिया आणि रदीफ म्हणजे काय, अलामत कशी सांभाळायची, ते नवोदितांपुढे मांडले. ते मान्य नसलेले कवी आहेत, त्यांनी वाद घातले आहेत. पण वाद घालता आला, हेच महत्त्वाचे. खेड्यातला पोरगा आपली गझल त्या नियमांजवळ ठेवून कुठे घसरली, ते स्वतः पाहू शकत होता. त्यासाठी त्याला कुणा पाहुण्याच्या प्रशस्तिपत्राची गरज नव्हती.

आपल्या वारशात याहून जुना नमुनाही आहे. अरबी समीक्षेत दहाव्या शतकातल्या आमिदीने अबू तम्माम आणि बुहतुरी या दोन कवींची तुलना ‘मुवाज़ना’ या नावाने केली. मुवाज़ना म्हणजे वजन करणे. आपल्या ‘तुलने’चा हा सख्खा भाऊच. उर्दूत १९०७ साली शिबली नोमानींनी ‘मुवाज़ना-ए-अनीस-ओ-दबीर’ लिहिले. लखनौच्या मर्सिया कवींत मीर अनीस मोठे की मिर्झा दबीर, यावरून रसिकांचे दोन तट पडले होते. एक अनीसिये, दुसरे दबीरिये. शिबलींनी अनीसच्या बाजूने कौल दिला. पण कौल देताना दोघांच्या रचना समोरासमोर मांडल्या. फसाहत आणि बलागत म्हणजे भाषेचा सहजपणा आणि प्रसंगाला साजेसे बोलणे, हे निकष आधी सांगितले आणि मग वजन केले. दबीरच्या चाहत्यांना ते रुचले नाही. त्यांनी उत्तरादाखल पुस्तके लिहिली. शिबली पक्षपाती होते, असे आजही कोणी म्हणू शकतो. पण तसे म्हणायला लागणारा पुरावा शिबलींनीच आपल्या पुस्तकात ठेवला आहे.

याच्या उलट उदाहरणही उर्दूतलेच आहे आणि ते आमच्या विषयाला अधिक जवळचे आहे. मौलाना हाली हे थोर माणूस. त्यांच्याविषयी आम्हाला अदब आहे. लाहोरच्या सरकारी पुस्तक डेपोत त्यांनी इंग्रजीवरून झालेल्या उर्दू भाषांतरांची भाषा सुधारण्याचे काम केले. इंग्रजी त्यांना येत नव्हते. विलायती विचार त्यांना भाषांतरांतूनच कळले. १८९३ साली आलेल्या ‘मुक़द्दमा-ए-शेर-ओ-शायरी’त त्यांनी मिल्टनच्या एका वाक्यातले तीन इंग्रजी शब्द घेतले, त्यांचे सादगी, असलियत आणि जोश असे उर्दू रूप केले आणि चांगल्या कवितेचे ते माप ठरवले. मूळ शब्दांचा अर्थ भाषांतरात बराच बदलला होता. शिवाय त्या मापात उर्दू गझलेचा मोठा भाग बसेना. दोष मापात असेल असे न मानता गझलेतच खोट आहे, असे पुष्कळांना वाटू लागले. उर्दू समीक्षेला त्यातून बाहेर यायला पुढच्या शतकातला मोठा काळ लागला. हालींच्या हेतूत खोट नव्हती. कौमची सुधारणा व्हावी, अशीच त्यांची तळमळ होती. उसने माप घेतले की भला माणूसही आपल्याच घरच्या मालाला कमी तोलतो, एवढाच यातला धडा.

तरीही उसनी तुलना नेहमी वाईटच असते, असे आम्ही म्हणणार नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने नाव घेतले १९६६ साली अमेरिकेत निघालेल्या ब्लॅक पँथरवरून. विदर्भातल्या म. ना. वानखडे यांनी अमेरिकेत शिकून आल्यावर तिथल्या काळ्या लेखकांच्या साहित्याशी दलित लेखकांचे नाते जोडून दाखवले. ही तुलनाही समुद्रापलीकडचीच होती. पण ती दलित लेखकांनी स्वतः निवडली होती. त्यांना कोणाची बरोबरी करायची नव्हती. आपल्यासारखे दुःख दुसऱ्या देशात कोणी कसे लिहिले, ते पाहायचे होते. बरोबरीला पोहोचलात, अशी पावती देणारी तुलना आणि सोबत शोधणारी तुलना यांत फार अंतर आहे. आपल्या संतपरंपरेतही ही दुसरी रीत दिसते. ज्ञानदेवांचा एकनाथ, नामदेवांचा तुकाराम, तसा कबीराचा शेख महंमद, अशी सांगी आपल्याकडे आहे. ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना त्यात कबीराच्या बरोबरीचे ठरवलेले नाही. ते कबीराच्या घरचे ठरवले आहेत.

मुस्लिम मराठी लेखकाच्या वाट्याला जी तुलना येते, ती बहुधा पावती देणारी असते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यालाही आता पस्तीस वर्षे होऊन गेली. एवढ्या काळानंतरही आमच्या पुस्तकाविषयी ‘मुसलमान असूनही किती शुद्ध मराठी!’ असे कौतुक ऐकू येते. त्या ‘असूनही’मध्ये एक अख्खी तुलना दडलेली आहे. ‘ॲज गुड ॲज द मेनस्ट्रीम’ हे त्याच ‘असूनही’चे इंग्रजी. मुख्य प्रवाह म्हणजे माप, आणि आमचे पुस्तक म्हणजे मापायचा माल. मुख्य प्रवाहातले पुस्तक आमच्या पुस्तकाइतके चांगले आहे, असे वाक्य आम्ही आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

आता त्या लेखिकेची हकीकत. तिच्या पहिल्या संग्रहात घरे बोलत होती. अम्मी, खाला, नानी आपापल्या बोलीत बोलत होत्या. ओटीवर येणारी शेजारीण वऱ्हाडीत बोलत होती. आणि एकाच वाक्यात दोन्ही बोली एकमेकींत मिसळत होत्या, जशा त्या आमच्या गल्लीत मिसळतात. दोन वर्षांनी तिने दुसऱ्या संग्रहाचे हस्तलिखित आमच्याकडे वाचायला दिले. त्यात सगळी पात्रे एकसारखे बोलत होती, क्रमिक पुस्तकातल्यासारखे. खाला ‘मावशी’ झाली होती. शेजारणीचे वऱ्हाडी गेले होते. रमजानचा एक प्रसंग होता, पण त्यात सहरीची घाई नव्हती, बांगेची वाट पाहणे नव्हते. जणू कुणा परक्या वाचकाला समजावे म्हणून सणाची माहिती लिहिली होती. आम्ही विचारले, ‘‘बेटा, हे असे का केलेस?’’ ती म्हणाली, ‘‘सर, त्या दिवशी तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या ना? मेनस्ट्रीमच्या बरोबरीचे आहे म्हटले, मग बरोबरीचेच लिहायला नको का?’’

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पाहुणे तर एका वाक्यात बोलून निघून गेले होते. त्या वाक्याला मलपृष्ठावर बसवणारे आम्ही होतो. त्या वाक्यात पुस्तकाचे कौतुक असेल, पण पुस्तकात काय आहे, याचा एक शब्द नव्हता. तिचे बलस्थान कोणते, ते तिला कोणीच सांगितले नव्हते. सांगितले होते ते फक्त तिने कोणासारखे असावे, आणि तेही नाव न घेता. मग तिने आपल्या परीने त्या ‘मेनस्ट्रीम’चा शोध घेतला आणि आपल्याजवळ होते ते टाकून दिले.

त्यानंतर आम्ही वाचक मंडळात एक गोष्ट केली, जी प्रकाशनाच्या दिवशीच करायला हवी होती. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आणि हमीद दलवाई यांची ‘इंधन’ (१९६५) ही दोन पुस्तके तिच्या कथांशेजारी ठेवून वाचली. मोठे कोण, हे ठरवण्यासाठी नव्हे. ‘धग’चे निवेदन कौतिकच्या घरातून फारसे हलत नाही. तिची भूक, तिचा कष्ट, नवऱ्याचे आजारपण आपल्याला तिच्या वऱ्हाडी बोलण्यातून कळते. ते बोलणे काढून घेतले तर कौतिक उरत नाही. ‘इंधन’चा निवेदक बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला आहे. तो आतलाही आहे आणि बाहेरचाही. म्हणून घरातल्यांना जे दिसत नाही, ते त्याला दिसते आणि त्याची किंमतही त्याला मोजावी लागते. या दोन पुस्तकांजवळ ठेवल्यावर तिच्या पहिल्या संग्रहात काय होते, ते आम्हाला कळले. तिचे निवेदन ‘धग’सारखे घरात बसलेले होते, पण त्या घराला दोन भाषा होत्या, आणि हे ‘धग’मध्येही नाही आणि ‘इंधन’मध्येही या रीतीने नाही. उणे काय, तेही कळले. तिचे पुरुष सगळे दारापाशीच थांबत होते. घराबाहेर त्यांचे काय होते, ते तिने लिहिले नव्हते. दलवाईंचा निवेदक जिथे जातो, तिथे तिच्या कथा जात नव्हत्या.

आबाजी त्या बैठकीला होते. सगळे ऐकून म्हणाले, ‘‘आता समजलं. हे मापलं म्हना.’’

तिने ते हस्तलिखित परत नेले. त्याचे तिने काय करावे, हा तिचा अधिकार आहे. आम्ही आग्रह धरला नाही. एकदा नुकसान केल्यावर सल्ल्याचा हक्क आपोआप कमी होतो. पण आम्ही स्वतःपुरते काही ठरवले आहे आणि या पानांवर परीक्षणे लिहिणाऱ्या आमच्या मित्रांपुढेही ते ठेवावेसे वाटते. इंग्रजी शब्द आला तर येऊ द्यावा. त्याला दारातच अडवण्याचे कारण नाही. मात्र ‘बेटर’ लिहिले तर कोणापेक्षा, ‘ॲज गुड ॲज’ लिहिले तर कोणाइतके, ते त्याच परिच्छेदात यावे. ज्याच्याशी तुलना केली, ते पुस्तक आपण वाचलेले असावे. कोणत्या गुणात तुलना केली, ते सांगावे आणि त्याचा पुरावा पुस्तकातून द्यावा, म्हणजे लेखकाला किंवा वाचकाला भांडायचे असेल तर भांडता येईल. आणि लांबचे नाव घेण्याआधी जवळचे नाव आठवून पाहावे. एवढे करून जे वाक्य शिल्लक राहील, ते कदाचित मलपृष्ठावर तितके शोभणार नाही. पण लिहिणाऱ्याला ते उपयोगी पडेल.

वाचकहो, त्या पहिल्या संग्रहाची थोडी आवृत्ती शिल्लक आहे. पुन्हा छपाईची वेळ आली तर मलपृष्ठावरचे ते इंग्रजी वाक्य काढून टाकायचे, असे आम्ही लेखिकेला विचारून ठरवले आहे. त्याच्या जागी काय छापायचे, असे तिने विचारले. आम्ही म्हटले, तुझ्याच कथेतला खालाच्या तोंडचा एखादा परिच्छेद छाप. पुस्तक कसे आहे, ते वाचणारा ठरवील.